मुठीतील अँटेना

भ्रमणध्वनीच्या माथ्यावर पूर्वी अँटेनाचा खुंट असे. १९९९ च्या नोकिया ३२१० मध्ये तो पोटात दडला. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तिच्या चतुर्थांशाची, म्हणजे ८ सेंटिमीटरची, सोय इवल्याशा जागेत करावयाची. त्यासाठी धातूच्या पत्र्यात खाच पाडून विद्युत्प्रवाहाला वळणे दिली जातात: लांब वाट ९०० साठी, आखूड १८०० साठी. परंतु आकसण्याचे मोल द्यावे लागते. अँटेना जितका लहान, तितका त्याचा लहरपट्टा अरुंद. ही मर्यादा शास्त्रज्ञ चू यांनी १९४८ मध्येच गणिताने दाखविली. त्यातून तळहाताने तो झाकला, की लहर अधिकच क्षीण होते. तेव्हा वाचकहो, परगावच्या लेकीचा आवाज तुटू लागला, तर आधी आपली पकड बदलून पाहावी.