बिअरचा पहिला घाणा

चकलीचा पहिला घाणा बिघडला, तर गृहिणीला तो तत्काळ कळतो. मोहन वाढवून दुसरा सुधारता येतो. बिअरच्या घाण्याचे तसे नाही!

घरगुती बिअरसाठी १८८० पासून लागणारा परवाना इंग्लंडात १९६३ साली रद्द झाला, आणि तिथल्या हौशी गृहस्थांनी स्वयंपाकघरात पातेली चढवली. माल्टचे पाणी हॉप्सची फुले घालून तासभर उकळायचे, झटपट निववायचे आणि यीस्टचे विरजण लावायचे. इथवर सारे सोपे. पुढे मात्र माणसाने हात मागे घ्यावा. यीस्ट साखर खाते. तिचा मद्यार्क आणि कर्बवायू होतो. हे आंबणे पुरते थांबण्याआधी बाटल्या भरल्या, तर कोंडलेल्या वायूने त्या फुटू शकतात. भांडे अस्वच्छ राहिले, तर भलतेच जंतू शिरून चव नासवतात, हे पाश्चरने १८७६ सालीच ग्रंथात मांडले. आणि चव कळते ती महिन्याभराने!

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून हा उद्योग करता येत नाही. पण तिकडच्या नवशिक्याला लागणारे गुण दोनच : भांडी घासण्याचा कंटाळा नसणे आणि झाकण उघडून न पाहणे. यांतला दुसरा किती दुर्मिळ, हे फराळाचे डबे राखणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा!