केबल ट्रेच्या कामांबाबत परवानाधारक विद्युत ठेकेदार व तारतंत्रींचे मागणीपत्र

प्रति,
विद्युत कामांच्या निविदा काढणाऱ्या राज्यातील शासकीय, निमशासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांचे सक्षम अधिकारी

विषय : केबल ट्रेची निवड, उभारणी व मोजमाप यांबाबत

महोदय,

रुग्णालये, पंपगृहे, जलशुद्धीकरण केंद्रे व महाविद्यालये यांतील केबल ट्रे आमचे सभासद बसवतात आणि चाचणी अहवालावर सहीही तेच करतात. निविदेत मात्र हे काम एका ओळीत उरकले जाते : ‘३०० मिमी रुंद जीआय ट्रे, प्रति रनिंग मीटर’. त्यात ना पत्र्याची जाडी, ना जस्ताचा थर, ना भार, ना सपोर्टचे अंतर. निविदापूर्व बैठकांत हे आम्ही वारंवार मांडले आहे. आता निर्णय हवा.

१. जाडी व वजन
२ मिमीऐवजी १.२ मिमी पत्रा वापरला की ट्रेचे वजन ४० टक्क्यांनी घटते. मोघम नोंदीत दोन्ही माल बसतात आणि चांगल्या मालाचा दर भरणारा बाद होतो.
मागणी : जाडी, बाजूची उंची व प्रति मीटर किमान वजन निविदेत लिहावे. माल साइटवर येताच मायक्रोमीटर व वजनकाट्याने तपासून उभयपक्षी सह्या व्हाव्यात.

२. गंजरोधक थर
२७५ ग्रॅम प्रति चौरस मीटर थराच्या प्री-गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर प्रत्येक बाजूस सुमारे २० मायक्रॉन जस्त असते, आणि छिद्रांच्या व कापलेल्या कडा उघड्या राहतात. कोकण किनाऱ्यावर गंज याच कडांपासून धरतो. ट्रे घडवून मग हॉट डिप केला की कडाही झाकल्या जातात; १.५ ते ३ मिमी पोलादासाठी आयएसओ १४६१ नुसार सरासरी ५५ मायक्रॉन थर लागतो.
मागणी : कोरड्या बंदिस्त जागी प्री-गॅल्व्हनाइज्ड, उघड्यावर, दमट जागी व किनारपट्टीत हॉट डिप, रासायनिक वाफांच्या जागी एफआरपी, त्यासोबत अर्थिंगची स्वतंत्र पट्टी. साइटवर कापलेली कड कानस मारून जस्तयुक्त रंगाने झाकावी व त्याचा दर द्यावा. ती धार तशीच राहिली तर केबल ओढतानाच तिचे आवरण चिरते.

३. सपोर्ट
भार तोच ठेवून सपोर्टचे अंतर १.५ मीटरवरून २ मीटर केले की ट्रेचा वाक सुमारे तिप्पट होतो. आयईसी ६१५३७ नुसार सुरक्षित भाराखाली तो अंतराच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त नसावा.
मागणी : अंतर १.५ मीटर धरावे. उत्पादकाचा भारतक्ता मंजूर असेल तरच वाढवावे. बेंडच्या दोन्ही बाजूंस सपोर्ट असावा. सपोर्टचे लोखंड किलोवर स्वतंत्र मोजावे.

४. बेंड, टी व रिड्युसर
हे जोडभाग आज सरळ ट्रेच्या मीटरमध्येच मोजले जातात. आर्मर्ड एलटी केबलला व्यासाच्या किमान १२ पट त्रिज्या धरली, तर ५० मिमी केबलला ६०० मिमी लागते. ३०० मिमीचा बेंड मंजूर करून ती केबल नीट वळवण्याची अपेक्षा रास्त नाही.
मागणी : प्रत्येक जोडभागाची नगावर स्वतंत्र नोंद असावी, त्रिज्येसह.

५. ट्रेमधील गर्दी
छिद्रांच्या ट्रेवर सहा केबल एकमेकींना चिकटून टाकल्या की प्रत्येकीची विद्युतवहन क्षमता सुमारे ७३ टक्क्यांवर येते. हस्तांतरणानंतर इतर यंत्रणा त्याच ट्रेवर केबल टाकतात. दोषदायित्व मात्र आमच्याकडेच राहते.
मागणी : हस्तांतरणावेळी २५ टक्के जागा मोकळी असावी. नवी केबल अभियंत्याच्या लेखी गणिताशिवाय टाकू नये. टाकल्यास त्या भागाचे दोषदायित्व संपावे. डेटा केबलला वेगळा ट्रे द्यावा.

६. अर्थिंग व आगरोधक भरणी
पावडर कोटिंगवरच कपलर प्लेट बसवली तर सांध्यातून विद्युतसातत्य राहीलच असे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे विद्युत शाफ्ट मजल्यामजल्याला आगरोधक सामग्रीने बंद करायचा असतो. त्याची नोंदच नसेल तर ते काम कोणाच्याच वाट्याला येत नाही.
मागणी : सांध्याचा रोध ५० मिलिओहमच्या आत असल्याची चाचणी नोंदवावी. अर्थ पट्टी, कॉपर जंपर व आगरोधक भरणीला स्वतंत्र दर द्यावा.

या मागण्यांसाठी नवा कायदा किंवा नवी प्रयोगशाळा लागत नाही. मायक्रोमीटर, वजनकाटा व मिलिओहममीटर पुरेसे आहेत. मीटरचा दर काही ठिकाणी वाढेल, पण सर्व निविदाधारक एकाच मालाचा दर भरतील आणि विभागाला मागितलेलाच माल मिळेल.

३० दिवसांत संयुक्त बैठक घ्यावी, नोंदी पुढील दरसूचीत समाविष्ट कराव्यात आणि चालू कामांतील सपोर्ट व जोडभाग अतिरिक्त बाब म्हणून मोजमाप वहीत घ्यावेत. तोपर्यंत प्रत्येक सभासद दर भरताना धरलेली जाडी, थर व सपोर्टचे अंतर लेखी कळवील. त्यापलीकडील अपेक्षा त्याच्यावर बंधनकारक राहणार नाही, आणि सदोष आराखड्यावर झालेल्या कामाच्या चाचणी अहवालात तसा शेरा नोंदवला जाईल.

संघटनेच्या वतीने,
अध्यक्ष व कार्यवाह