डेल्को फिरवण्याआधी

आकुर्ली रोडवर राहणाऱ्या माणसाला महिंद्राचा कारखाना दाखवावा लागत नाही. 1945 मध्ये सुरू झालेल्या आणि 1948 मध्ये आजचं नाव घेतलेल्या या कंपनीने विलीज जीपची जुळणी आधी माझगावला केली. पुढे जीप म्हटलं की कांदिवली, असं समीकरणच झालं. त्याच घराण्यातला ट्रक म्हणजे एफसी-150 आणि त्याच्या मागून आलेला एफसी-160. बोनेट नाही, ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसलेला आणि इंजिन केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधल्या खोक्याखाली. अमेरिकेत हा नमुना 1956 च्या अखेरीस आला आणि 1965 मध्ये बंद पडला. आपल्याकडे तो त्यानंतरही वर्षानुवर्षं ट्रक म्हणून आणि मिनीबस म्हणूनही धावला. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात पुढे डिझेल गेलं. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन असलेले थोडे उरले, आणि आता तेच पुन्हा उभे करण्याची हौस आपल्या व्यवसायात काम आणते आहे.

या हौसेला कायद्याचीही जोड आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा, ही त्यातली अट. म्हणजे मूळ पेट्रोल इंजिन चालू ठेवण्याला आता हौसेपलीकडची किंमत आली आहे. असं इंजिन चालू ठेवायचं तर आधी त्याची ठिणगी जागेवर हवी.

अलीकडे चारकोपच्या एका गॅरेजमध्ये असा एक एफसी-150 पाहिला. रंग ताजा, केबिन नवी शिवलेली, इंजिन ओव्हरहॉल होऊन आलेलं. गाडी चालत होती. मालकाने हौसेने प्लगच्या नव्या वायरी आणल्या, वायरमनने पुस्तक उघडून एक नंबरची वायर पुस्तकातल्या जागी लावली, तिथून 1-3-4-2 अशी बाकीची. आणि चालती गाडी बंद. स्टार्टर मारला की कार्बुरेटरमधून भडका. मग कार्बुरेटर उघडला गेला, अर्थातच. वायरमन चुकला नव्हता. ओव्हरहॉल करणाऱ्याने ऑइल पंप काही दाते चुकवून बसवला होता. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, जागेवर येईना, म्हणून त्याने चारही वायरी कॅपवर एकेक घर सरकवल्या आणि उरलेला फरक डेल्कोची बॉडी फिरवून भरून काढला. ठिणगीला कॅपवरचा आकडा वाचता येत नाही, त्यामुळे इंजिनाची काही तक्रार नव्हती. फसला तो पुढचा माणूस.

हे इंजिन ज्यांनी उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हरिकेनमध्ये कॅमशाफ्टचा दात आधी ऑइल पंपाला फिरवतो. पंप इंजिनाच्या डाव्या अंगाला, डेल्को उजव्या. पंपाच्या शाफ्टच्या टोकाला खाच आहे आणि डेल्कोच्या शाफ्टची जीभ त्या खाचेत बसते. खाच मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली आहे, म्हणून डेल्को उलटा बसू शकत नाही. पण पंपच चुकीच्या दातावर बसला तर ही सगळी योजना वाया जाते. उपाय एकच: एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर, खूण जुळलेली, पंप बाहेर, खाच पुस्तकात दाखवलेल्या कोनात आणि मग पंप आत. गिअर तिरप्या दातांचे आहेत, आत जाताना शाफ्ट थोडा फिरतो. तेवढा हिशेब आधी धरावा लागतो आणि पहिल्याच खेपेला तो क्वचितच जमतो. एफसीच्या केबिनमध्ये वाकून हे करणं म्हणजे कंबरेची परीक्षा, हे मान्य. वायरी सरकवणं पाच मिनिटांचं काम आहे, हेही मान्य. तरीही वायरी सरकवून दिलेली गाडी ही अर्धवट दिलेली गाडी, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुनी गाडी आपल्यानंतर आणखी चार हातांतून जाणार असते. तिचं सेटिंग आपल्या डोक्यात राहून उपयोग नाही, ते पुस्तकाशी जुळलं पाहिजे.

आता क्रम. आधी पॉइंट, मग टायमिंग. हे इतकं प्राथमिक आहे की लिहायला संकोच वाटतो, पण उलटं करणारे कमी नाहीत. पॉइंटची फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं. कमी झाली की रिटार्ड. म्हणजे टायमिंग लावून झाल्यावर फट ‘जरा ठीक’ केली की आधीचं काम पाण्यात. मूळ ऑटोलाइट डेल्कोला फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगला 0.030 इंच. पण आपल्याकडच्या कित्येक गाड्यांवर मूळ डेल्को राहिलेला नाही, लुकासचा बसला आहे, आणि त्याची फट साधारण 0.014 ते 0.016 इंच. बॉडीवरची पट्टी वाचल्याशिवाय फिलर गेज हातात घेऊ नये.

फिलर गेजलाही मर्यादा आहे. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असतं. पातं टेंगळावर टेकतं, खरी फट त्याहून जास्त निघते. अशा वेळी ड्वेल मीटर खरं सांगतं: ऑटोलाइटला 42 अंश. चार सिलिंडरच्या डेल्कोत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला 90 अंश येतात, त्यातले 42 अंश पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यातच कॉइल भरून घ्यायची असते. मीटरचा काटा एका जागी न राहता रेस वाढवताना नाचू लागला, तर शाफ्टचा बुश गेलेला आहे. तिथे कितीही सेटिंग करा, चारही सिलिंडरना ठिणगी एकसारखी मिळणार नाही.

टायमिंग पुस्तकात टीडीसीच्या 5 अंश आधी आहे. काही इंजिनांवर खूण फ्लायव्हीलवर असते आणि हाउसिंगच्या भोकातून दिसते. नंतरच्यांवर ती पुढे पुलीजवळ, टायमिंग कव्हरवर. एक सावधगिरी इथे घ्यावी. आपल्याकडे येणारी इंजिनं चोर बाजार आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून गोळा केलेल्या भागांची असू शकतात. पुली एका इंजिनाची, कव्हर दुसऱ्याचं. हेड उघडलेलं असतानाच डायल गेज लावून टीडीसीची खूण तपासून घ्या. नंतर ते फार अवघड जातं.

स्थिर टायमिंगला आजही टेस्ट लॅम्पसारखं साधन नाही. चारही प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर बोट ठेवा, हवा बोट ढकलू लागली की कॉम्प्रेशन आलं. हळूहळू 5 अंशाच्या खुणेवर या. खूण ओलांडली गेली तर तेवढंच मागे येऊ नका, चांगलं पाव चक्कर मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर टायमिंग गिअरमधली सगळी ढील उलट्या बाजूला जमा होते. लॅम्पची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला, किल्ली चालू. या डेल्कोचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने नेली की ॲडव्हान्स. पॉइंट उघडले की दिवा पेटतो. पेटतो त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प कसा. काम झालं की किल्ली बंद करायला विसरू नका. इंजिन थांबलेलं आणि पॉइंट मिटलेले असताना चालू राहिलेली किल्ली कॉइल तापवून मारते, आणि एफसीच्या इंजिनाच्या खोक्यात मुळातच उष्णता कमी नसते.

त्यानंतर इंजिन चालू करून टायमिंग लाइट. आयडलवर खूण 5 अंशावर दिसली म्हणून समाधान मानू नका. रेस वाढवली की खूण ॲडव्हान्सच्या दिशेने सरकायलाच हवी. सरकत नसेल तर डेल्कोतली वजनं गंजून अडकली आहेत. उभ्या राहिलेल्या गाडीत हा दोष हमखास सापडतो. अशी गाडी आयडलवर छान आणि रस्त्यावर मेलेली असते. मालक म्हणतो पिकअप नाही, मिस्त्री डेल्को आणखी ॲडव्हान्स करतो, मग स्टार्टर मारताना इंजिन उलटा झटका देतं. कानाने टायमिंग लावणाऱ्या जुन्या मिस्त्रींबद्दल आम्हाला आदर आहे, पण कान गॅरेजच्या दारात ऐकतो. कसारा घाटात भरल्या गाडीने इंजिन टकटकतं का, हे दारात कळत नाही. उलट बाजूला, रिटार्ड ठेवलेलं इंजिन गुपचूप तापतं आणि दोष रेडिएटरवर जातो.

पेट्रोल बदललं, हा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. साधारण 7 ला 1 कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला जास्त ऑक्टेनची गरज नव्हतीच, तेव्हा त्या बाजूने चिंता नाही. पण इथेनॉलने मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रणाचा झटका अगदी करंट मिस होत असल्यासारखा भासतो. म्हणून आधी पुस्तकातले 5 अंश लावा, जेटचं काय ते पाहा, आणि त्यानंतरच रस्त्यावर तपासून एखाद-दोन अंशांचा फरक करा. केलात तर लिहून ठेवा.

वायरिंगबद्दल एकच मोठी तक्रार आहे, आणि ती सुंदर रंगकामाची आहे. नव्याने उभ्या केलेल्या ट्रकमध्ये इग्निशनचे निम्मे दोष अर्थिंगमध्ये निघतात, कारण प्रत्येक बोल्टखाली आता रंगाचा जाड थर आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं. इंजिन ते चासी जाडजूड पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट जाणार कुठून? ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून. ती केबल तापून जळालेली दिसली की केबल बदलून थांबू नका, अर्थची पट्टी शोधा. तपासणी सोपी आहे: पॉइंट मिटलेले ठेवून कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टमीटर लावा. 0.2 व्होल्टच्या वर काही दिसलं तर पॉइंट, डेल्कोतली लवचीक वायर किंवा अर्थ, तिघांपैकी कोणीतरी करंट खातंय. जुन्या 6 व्होल्टच्या गाडीत तर हे आणखी बारकाईने पाहावं. त्याच कामाला तिथे दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ वायर जाड होती. कापडी वेष्टनाची वायर काढून आजची बारीक पीव्हीसी वायर ओढणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

कॉइल बदलताना रेझिस्टन्स मोजा. साधी 12 व्होल्टची कॉइल सुमारे 3 ओहमची, 4 अँपिअर घेणारी. बॅलास्टसाठी बनवलेली कॉइल सुमारे निम्म्या रेझिस्टन्सची, तिला बाहेर बॅलास्ट हवाच. बॅलास्टशिवाय ती सरळ 8 अँपिअर खेचते आणि पॉइंट थोड्याच दिवसांत काळे पडतात. मग दोष पॉइंटच्या कंपनीला. कॉइलची टोकं उलटी लागली तरी गाडी चालते, पण प्लगला जास्त व्होल्टेज लागतं आणि लोडवर मिस सुरू होतो. पडताळायची जुनी युक्ती: प्लगची वायर प्लगपासून जराशी दूर धरा, मधे शिसपेन्सिलीचं टोक. ठिणगीचा नारिंगी झोत प्लगच्या बाजूला पडला तर ठीक, वायरच्या बाजूला पडला तर टोकं बदला. वायर चांगल्या इन्सुलेटेड चिमट्याने धरा, हे सांगायला नको.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? आमचा विरोध नाही. पॉइंट झिजले की आधी कुरकुर करतात, मॉड्यूल एका क्षणात जातं, एवढाच फरक लक्षात ठेवा. बसवायचंच असेल तर मूळ प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर पुसून डब्यात घालून गाडीतच ठेवा. प्रदर्शनात मांडायची किंवा मूळ स्वरूपाचा दावा करणारी गाडी असेल, तर पॉइंटच असू द्या.

पावसाळ्याचं थोडक्यात. कांदिवलीत खाडीकडची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा दमटपणा, दोन्ही मिळून कॅपच्या आत बारीक काळी रेघ उमटवतात. त्या रेघेतून करंट एका घरातून दुसऱ्या घरात पळतो. अशी कॅप घासून वाचत नाही, फेकून द्या.

सहा सिलिंडरवाल्यांनीही हा अंक बाजूला ठेवू नये. कुर्ल्याच्या प्रीमियरने जुळवलेल्या डॉज आणि फार्गो ट्रकांच्या साइड-व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिनात फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. तिथे सहा नंबरच्या सिलिंडरवर हेडमध्ये एक छोटा स्क्रू-प्लग असतो. तो काढून सळई घातली की पिस्टनची वरची जागा हाताला कळते. सहा वर असतो तेव्हा एकही वर असतो. दोघांपैकी कोण कॉम्प्रेशनवर आहे ते मात्र वेगळं पाहावं लागतं, आणि तिथेच रोटर उलटा बसतो.

एक विनंती. एफसी असो की डॉज, काम संपल्यावर इंजिनाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवा: डेल्कोचा मेक, पॉइंटची फट, ड्वेल, टायमिंग, कॉइलचा रेझिस्टन्स, बॅलास्ट आहे की नाही, अर्थ कोणता, तारीख आणि गॅरेजचं नाव. ज्यांच्याकडे मूळ हरिकेन इंजिनाचे एफसी कामाला आहेत, त्यांनी याच कार्डाची नक्कल आणि डेल्कोच्या पट्टीचा फोटो आमच्याकडे पाठवावा. पुरेशी कार्डं जमली की सगळ्यांच्या सेटिंगचा तक्ता याच मासिकात छापू. मालकाचं नाव आणि गाडीचा नंबर कळवण्याची गरज नाही.