फिलिपीन्सचा भाषिक पेच

फिलिपीन्समध्ये १० ऑक्टोबर २०२४ रोजी एक कायदा राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीवाचूनच अमलात आला. अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस (धाकटे) यांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते नाकारलेही नाही. घटनेने घालून दिलेली मुदत उलटली आणि विधेयकाचा कायदा झाला. बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या मुलांना मातृभाषेतून शिकविण्याचे बंधन या कायद्याने संपुष्टात आणले. एकाच मातृभाषेची मुले असलेल्या वर्गांना काही अटींवर मुभा ठेवली आहे हे खरे. परंतु अध्यापनाचे माध्यम म्हणून फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन भाषांचीच पुनःस्थापना झाली असून प्रादेशिक भाषांकडे साहाय्यक भाषेचे दुय्यम स्थान आले आहे. बाहेरच्या जगाने या घटनेची फारशी दखल घेतली नाही. तथापि अनेक भाषांच्या समाजाला एका राष्ट्रात बांधू पाहणाऱ्या प्रत्येक देशाने तिचा विचार करावा, एवढे तिचे महत्त्व निश्चित आहे.

या देशाच्या भूगोलातच त्याच्या भाषाप्रश्नाचे मूळ आहे. एके काळी बेटांची अधिकृत संख्या ७,१०७ सांगितली जाई. नव्या मोजणीनंतर २०१६ पासून ती ७,६४१ मानली जाते. उत्तरेस लुझोन, मध्यभागी विसायस बेटांचा समूह आणि दक्षिणेस मिंदानाओ असे देशाचे तीन भाग पडतात. सर्व बेटांचे क्षेत्रफळ सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा किंचित कमी. आणि २०२० च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या १० कोटी ९० लाख. वस्ती मुख्यतः किनारे, नद्यांची खोरी आणि सरोवरांच्या काठाने झाली. समाजांच्या नावांतही याची खूण राहिली आहे. टागालोग म्हणजे नदीकाठचे, मारानाओ म्हणजे सरोवराकाठचे, ताउसुग म्हणजे सागरप्रवाहाचे लोक, तर इगोरोत म्हणजे डोंगरातले, अशी या नावांची व्युत्पत्ती सांगितली जाते.

या बेटांवर पावणेदोनशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात. जवळजवळ सर्व भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या आहेत. तैवानमधून दक्षिणेकडे सरकलेले आणि पुढे मादागास्कर व हवाईपर्यंत पसरलेले हे कुळ होय. झांबोआंगा भागात स्पॅनिशपासून घडलेली चावाकानो ही मिश्रभाषा हाच काय तो ठळक अपवाद. कुळ एक असले तरी या भाषांना एकाच भाषेच्या बोली समजणे चूक ठरेल. सेबू बेटावरची सेबुआनो, लुझोनच्या वायव्येची इलोकानो आणि मनिलाच्या परिसरातली टागालोग यांचे भाषक एकमेकांची भाषा शिकल्यावाचून परस्परांशी बोलू शकत नाहीत. भारताशी असलेला जुना संबंधही या भाषांत दिसतो. टागालोगमध्ये शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’ आणि हलाखीला ‘दुखा’ म्हणतात. लागुना प्रांतात सापडलेला, देशातील सर्वांत जुना ज्ञात लेख असलेला ताम्रपट तर शके ८२२ चा आहे.

स्पेनची सत्ता १५६५ पासून १८९८ पर्यंत टिकली. पण धर्मोपदेशकांनी लोकांना स्पॅनिश शिकविण्याऐवजी स्वतःच लोकभाषा शिकून त्यांतून ख्रिस्ती धर्माचा प्रसार केला. साहजिकच धर्म सर्वत्र पोचला, भाषा मात्र मूठभर उच्चवर्गापुरतीच राहिली. अमेरिकेने याच्या उलट धोरण धरले. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि इंग्रजी ही शाळेची भाषा झाली. स्वराज्य दृष्टिपथात येताच राष्ट्रभाषेचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी नेमलेल्या राष्ट्रभाषा संस्थेचे प्रमुख हाइमे दे वेरा हे स्वतः टागालोग भाषक नव्हते, ते विसायस भागातील लेयते बेटाचे. तरीही संस्थेने टागालोगची शिफारस केली आणि अध्यक्ष मानुएल केसोन यांनी ३० डिसेंबर १९३७ रोजी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे १९५९ मध्ये तिला ‘पिलिपिनो’ हे नाव मिळाले. १९८७ च्या घटनेने ‘फिलिपिनो’ ही राष्ट्रभाषा ठरवून देशातील इतर भाषांच्या आधारे तिचा विकास करण्याचे वचन दिले. प्रत्यक्षात तिचा सांगाडा टागालोगचाच राहिला, ही सेबुआनो भाषकांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही.

२०२० च्या शिरगणतीचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. आपण टागालोग वंशाचे आहोत असे सांगणारे लोक २६ टक्के होते. पण घरात प्रामुख्याने टागालोग बोलणारी कुटुंबे जवळजवळ ४० टक्के भरली. याचा एक अर्थ असा की, राजधानी, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नोकरी यांच्या बळावर राष्ट्रभाषा सक्तीवाचूनही पसरत आहे. तिला आता शाळेतल्या पहिल्या इयत्तांच्या संरक्षणाची गरज उरलेली नाही. दुसरा अर्थ असा की, काही घरांत आजोबांची भाषा नातवापर्यंत पोचत नाही. या भाषांना आधार हवा असेल तर तो याच इयत्तांत हवा.

मातृभाषेच्या शिक्षणाची उपयुक्तता फिलिपीन्सला परक्यांकडून शिकावी लागलेली नाही. १९४८ ते १९५४ या काळात इलोइलो प्रांतात पहिली दोन वर्षे हिलिगायनोन भाषेतून शिकविण्याचा प्रयोग झाला. त्यात मातृभाषेतून शिकलेली मुले गणितात आणि वाचनात पुढे राहिली. या अनुभवावरून १९५७ मध्ये पहिल्या दोन इयत्तांत मातृभाषा हेच माध्यम झाले. मार्शल लॉच्या काळात, १९७४ मध्ये, द्विभाषा धोरणाने ते बाजूला सारले. २००९ च्या आदेशाने आणि २०१३ च्या कायद्याने मातृभाषा परत आली. प्रारंभी बारा आणि नंतर एकोणीस भाषांतून शिक्षण सुरू झाले. २०२४ च्या कायद्याने तिला पुन्हा मागे ढकलले. पहिली माघार थोरल्या मार्कोस यांच्या राजवटीतली, दुसरी त्यांच्या चिरंजीवांच्या काळातली. आणि हे घराणे मूळचे इलोकोस भागातले. टागालोग भाषकांनी इतरांवर केलेली कुरघोडी एवढाच या प्रश्नाचा अर्थ लावणे म्हणूनच बरोबर नाही. केंद्रीभूत राज्यकारभाराला सर्वत्र एकच पाठ्यपुस्तक सोयीचे वाटते, हे खरे कारण आहे.

नव्या कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पाठ्यपुस्तके नव्हती, शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे होते, शहरांतील एकाच वर्गात तीन-चार मातृभाषांची मुले होती. शिवाय खलाशी, परिचारिका आणि घरकामगार म्हणून लाखो लोक परदेशी जातात. इंग्रजी म्हणजे रोजगार, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या अडचणी अंमलबजावणीच्या आहेत. पुस्तके छापली नाहीत म्हणून भाषाच बंद करायची, हा न्याय कुठला? २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात फिलिपीन्स सहभागी देशांच्या तळाशी होता. त्या चाचणीला बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांची पहिली इयत्ता मातृभाषेचा देशव्यापी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच पार पडली होती. तेव्हा त्या नामुष्कीचे खापर मातृभाषेवर फोडता येणार नाही.

मनिलापासून दूर असलेल्या समाजांना हा प्रश्न अधिक जाचतो. कोर्दिलेरा पर्वतात चिको नदीवरील धरणांना विरोध करणारे कालिंगा समाजाचे नेते माक्लीइंग दुलाग यांची १९८० मध्ये सैनिकांनी हत्या केली. १९८७ च्या घटनेने या भागाला स्वायत्ततेचे आश्वासन दिले, पण १९९० आणि १९९८ या दोन्ही सार्वमतांत ती योजना फसली. दक्षिणेत मिंदानाओवर उत्तरेकडून वसाहती होत गेल्या आणि मोरो मुसलमान स्वतःच्याच भूमीत अल्पसंख्य झाले; त्यातून अनेक दशकांचा सशस्त्र संघर्ष पेटला. २०१४ चा करार आणि २०१९ चे सार्वमत यांतून बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश जन्मला. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलू प्रांताला त्यातून वगळले, आणि २०२२ पासून लांबलेली तेथील पहिली निवडणूक ऑक्टोबर २०२५ मध्येही होऊ शकली नाही. मोरो हे नाव एक असले तरी मागिंदानाओ, मारानाओ आणि ताउसुग हे वेगवेगळ्या भाषांचे समाज आहेत, याचा विसर स्वायत्ततेच्या शिल्पकारांनाही परवडणारा नाही.

भारताने भाषावार राज्यांचा मार्ग पत्करला तेव्हा देशाचे तुकडे पडतील, अशी भीती घालण्यात आली होती. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्राने ती खोटी ठरविली. अर्थात आपणही निर्धास्त राहावे असे नाही. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचे आदेश राज्य सरकारला जून २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले, ही घटना ताजी आहे. फिलिपीन्समध्ये भाषेला राज्याचा आधार नाही. सेबुआनो किंवा वाराय भाषेच्या पाठीशी उभे राहील असे सरकार नाही. तेथे शाळा हाच तिचा एकमेव सरकारी आश्रय होता आणि तोच आता डळमळीत झाला आहे.

घटनेने प्रादेशिक भाषांना आपापल्या प्रदेशात साहाय्यक राजभाषेचा दर्जा दिलेला आहे. त्या तरतुदीला प्रांतिक सरकारांच्या मार्फत खरा अर्थ देणे आणि जेथे वर्ग एकभाषी आहेत तेथे नव्या कायद्यातील मुभेचा पुरेपूर वापर करणे, एवढे तरी मनिलाला करता येईल. फिलिपिनो भाषेचे त्यात काहीच नुकसान नाही, ती आपल्या पायांवर उभी आहे. नुकसान व्हायचे ते पहिलीच्या वर्गात बसून, बाईंचे बोलणे न समजल्यामुळे गप्प राहणाऱ्या मुलाचे. आणि त्या मुलाला मतदानाचा हक्क नसतो.