कॅसेटची दुसरी बाजू

आधी एक गोंधळ मिटवूया. 'इंडी पॉप' म्हटलं की आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना 'मेड इन इंडिया' आठवतं. १९९५ साली अलिशा चिनॉयचा तो अल्बम आला, त्याच्या मागोमाग लकी अली, युफोरिया, सिल्क रूट आले, आणि त्या सगळ्याला 'इंडिपॉप' असं नाव पडलं. त्यातला 'इंडि' म्हणजे इंडियन. मी ज्याबद्दल लिहितोय त्यातला 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. कुठल्या मोठ्या कंपनीनं पैसे लावले नाहीत, पोरांनी स्वतःच वाजवलं, स्वतःच रेकॉर्ड केलं, स्वतःच विकलं, आणि बहुतेक वेळा विकलं गेलं नाही, ते संगीत. इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये 'सारा रेकॉर्ड्स' नावाची एक छोटी कंपनी दोघांनी १९८७ साली काढली आणि क्रमांक शंभर गाठल्यावर १९९५ साली ठरवून बंद केली. तिच्या त्या छोट्या तबकड्या आज जगभर लोक शोधत फिरतात. घरातल्या खोलीत बसून वाजवणाऱ्या पोरांचं संगीतसुद्धा जपून ठेवण्यासारखं असतं, एवढं त्यावरून कळावं.

आता तुम्ही म्हणाल, ब्रिस्टलचं ठीक आहे, खानापूरचं काय?

खानापूरला येतोच. पण आधी शिवोलीला जाऊया, चोर्ला घाट उतरलं की तशी ती आपल्या शेजारचीच. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' हा अल्बम शिवोलीतल्या आपल्या घरात, चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर रेकॉर्ड केला. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, वाद्यंही बहुतेक त्यांनीच वाजवलेली. मुंबईच्या कंपन्यांची वाट न बघता त्यांनी कॅसेटी स्वतः काढल्या आणि स्कूटरवरनं दुकानोदुकानी पोचवल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते वेगळं. मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षा स्कूटरचं जास्त कौतुक वाटतंय. कारण पद्मश्री कुणाला मिळणार हे दिल्लीत ठरतं. स्कूटर कुणीही काढू शकतो.

रेमो विसरले गेले नाहीत. विसरले गेले ते दुसरे, आणि त्यात आपल्या मराठी माणसाचा नंबर फार वर लागतो. आत्माराम भेंडे हे नाव नाटक बघणाऱ्या कुठल्याही मराठी घरात माहीत आहे. माझ्या आजोबांना त्यांच्या फार्सातले प्रसंग आजही आठवून हसू येतं. पण त्यांचा मुलगा नंदू भेंडे हा मुंबईच्या रॉक संगीतातला एक मोठा आवाज होता हे आजोबांना माहीत नव्हतं, आणि मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. अलेक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात यहूदाची भूमिका नंदू भेंडे यांनी गायली. पुढं १९७८ साली पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं, त्यातही ते होते. पु. ल. एकेकाळी बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजमध्ये शिकवायचे, हे आपल्याकडं प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी सांगितलं जातं. त्याच पु. लं.च्या नाटकात रॉक गाणारा एक मराठी पोरगा होता, हे मात्र कोण सांगत नाही. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला धरतीवर यायची विनवणी करणारं जे गाणं आहे ना, गणपतीत आपल्याकडं अजून वाजतं ते, तो आवाजही त्यांचाच. आपण त्या गाण्यावर नाचलो, गायक कोण ते विचारलं नाही. २०१४ साली ते गेले.

नंदू भेंडे काही काळ 'अॅटॉमिक फॉरेस्ट' नावाच्या मुंबईच्या बँडमध्ये गात. या बँडची एकच एलपी निघाली, 'ऑब्सेशन ७७'. ती कुणी फारशी घेतली नाही. मग २०११ साली ती पुन्हा निघाली. कुणी काढली? मुंबईच्या कुठल्या कंपनीनं? पुण्याच्या कुठल्या संस्थेनं? अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन रेकॉर्ड्स'नं.

इथंच माझं डोकं फिरतं. चरणजित सिंग यांची गोष्ट बघा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा मुंबईचा माणूस. १९८२ साली त्यांनी तीन-चार नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडून दहा रागांचा एक अल्बम केला, मागं सलग डिस्कोचा ठेका. त्या वेळी कुणाला पटला नाही. २०१० साली हॉलंडमधल्या एका हौशी माणसानं तो शोधून परत काढला आणि जगभर बोभाटा झाला, की अरे, हे तर शिकागोच्या 'अॅसिड हाउस'सारखं वाजतंय, आणि तेही त्याच्या आधीचं! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन कार्यक्रम करून आले. तीच कथा रूपा बिश्वास या बंगाली गायिकेची. कॅनडात कॅल्गरीला रेकॉर्ड झालेला त्यांचा १९८२ चा 'डिस्को जाझ' इथं पडून राहिला. तो कुणीतरी यूट्यूबवर टाकला, लाखो लोकांनी ऐकला, आणि २०१९ साली शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप'नं तो रीतसर पुन्हा काढला.

परदेशातल्या लोकांनी शोधलं म्हणून मला राग नाही. त्यांनी कष्ट घेतले, भंगारातनं तबकड्या उचलल्या, कलाकारांचे पत्ते शोधून काढले. राग याचा, की आपल्या माणसाची किंमत आपल्याला दर वेळी विमानानं परत आल्यावरच का कळावी?

आणि ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती नीट लक्षात घ्या. ह्या सगळ्यांची तबकडी छापली गेली होती. तबकडीवर नाव होतं, साल होतं, कंपनी होती. म्हणून शोधणाऱ्याला धागा मिळाला. ज्यांची तबकडीच निघाली नाही त्यांना शिकागोचा कुणी शोधू शकणार नाही. आमच्या भागातले वाजवणारे सगळे ह्या दुसऱ्या गटात.

आमचा तालुका तसा ऐकणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा. डोंगराकडच्या गावांत भजन, कॅथलिक वाड्यांवर लग्नाच्या आदल्या रात्रीचा रोस आणि फेस्ताचं संगीत, आमच्याच तालुक्यातल्या सिद्दी बांधवांचं दमाम, लोंढ्याला रेल्वेवाल्यांच्या वसाहती, बेळगावला कॅम्प. गिटार आणि ड्रमसेट मुंबईहून नुसतं सिनेमातनं आलं नाही, ते चर्चच्या क्वायरमधनं, मिलिटरी बँडमधनं आणि गोव्याच्या नातेवाइकांकडनंही आलं. अशा ठिकाणी सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोरांनी बीट ग्रुप काढले नसते तरच नवल.

मी अशा एकाच ग्रुपच्या एका अंकलना भेटलो. नाव लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही. बेस गिटार वाजवायचे, नंतर नोकरी केली, आता निवृत्त. त्यांच्याकडं तीन कॅसेटी आहेत, दोन्ही बाजू भरलेल्या. लग्नात कुणीतरी टेप समोर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, मध्ये भांड्यांचा आवाज, पोरं रडतात. "रेकॉर्ड कोण करणार रे आमचं?" ते म्हणाले, "गाणी आमची चार, बाकी सगळी लोकांची. लोकांना लोकांचीच पाहिजे होती."

त्यातली दोन कॅसेटी ऐकता आल्या. खरं सांगतो, पहिली बाजू कंटाळवाणी आहे. क्लिफ रिचर्ड, बोनी एम, आणि हिंदी सिनेमातलं जे तेव्हा चालू होतं ते, बऱ्यापैकी बेसूर. जुनं म्हणजे सोनं असं मानणाऱ्यांतला मी नाही. विसरलेलं बरंचसं संगीत विसरण्यालायकच असतं. पण दुसऱ्या बाजूला त्यांचं स्वतःचं एक गाणं आहे. बसस्टँडवर शेवटची गाडी चुकलेला पोरगा, एवढाच विषय. त्यात एक ओळ आपल्या बेळगावी मराठीत, पुढची कोकणीत, आणि कंडक्टर बोलतो तो कानडीत. गाण्यात ते कुठं खटकत नाही. का खटकावं? आपण तसंच तर बोलतो.

ते ऐकलं आणि वाङ्मय मंडळात हा विषय काढायचं ठरवलं. मंडळातल्या काही मित्रांचं म्हणणं पडलं, की हे संगीताचं काम झालं, आपलं काम कविता-कथांचं. मला ते पटत नाही. ऐंशीच्या सुमारास खानापूरची पोरं एकमेकांशी कशी बोलत होती हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडणार? आपल्या जुन्या वार्षिकांकांत चाळून बघा. सगळे लेख छान पुण्याच्या मराठीत. लिहायला बसलं की आपण सगळे सदाशिव पेठेत राहायला जातो, मी पण. बोललेली भाषा फक्त आवाजात उरलीय, आणि ती चार गाण्यांत असली तरी ते आपलंच वाङ्मय आहे.

शोधायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. फोनवरचं अॅप ह्या कामाचं नाही. ते तुम्हाला तुमच्यासारखंच ऐकणाऱ्यांचं पुढं सरकवतं, आणि ज्याला कुणीच ऐकलं नाही ते त्याच्या हिशेबात नसतंच. आता तर स्पॉटिफायनं २०२४ पासून नियमच केलाय, की वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे नाहीत. आपल्या बोलीत गाणाऱ्या पोराला हजार ऐकणारे कुठनं आणायचे? दुसरी गंमत भाषेच्या रकान्याची. गाणं चढवताना भाषा एकच निवडायची असते. मराठी लिहिलं तर कोकणीवाल्याला दिसत नाही, कन्नड लिहिलं तर मराठीवाला फिरकत नाही. गावाचंही तेच. २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. एका नावानं शोधलं तर जुनं सापडतं, दुसऱ्यानं नवं. आपल्याकडं पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरनं काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, गाजले ते कन्नड गाण्यांनी, त्यातही शिशुनाळ शरीफांच्या पदांनी. त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार? मी तर दोन्हीकडनं ऐकतो.

नवं शोधायला मात्र अॅपचा थोडा उपयोग करून घेता येतो, उलटा. एखादं गाणं आवडलं की गायकाच्या मागं न जाता ड्रमरच्या, रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या नावामागं जायचं. तो आणखी चार बँडांत असतो. पुण्याच्या 'इझी वाँडरलिंग्ज'पर्यंत, अभंगांना गिटार-ड्रमची जोड देणाऱ्या 'अभंग रिपोस्ट'पर्यंत मी असाच पोचलो. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' २०२४ साली परदेशी कंपनीनं काढलं ते सगळ्यांनी ऐकलं, पण त्या दोघांनी त्याआधी काय केलं होतं हे किती जणांनी बघितलं? चाळीस-पन्नास व्ह्यूज असलेले व्हिडिओ उघडा. दहातले आठ वाईट असतील. उरलेल्या दोघांना खाली चार शब्द लिहा. त्यांना तेवढं पण कुणी लिहीत नाही.

जुन्याला मात्र वेळ नाही. अंकलांची तिसरी कॅसेट आम्ही ऐकू शकलो नाही. उघडली तर रिळावर पांढरी बुरशी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कणकुंबी-जांबोटीकडं तर चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं कॅसेटीचं काय होणार. वाजवणारेही आता साठी-सत्तरीत आहेत. कुमार गंधर्व आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण ते सांगायला बाकी जगही आहे. ह्या बीट ग्रुपवाल्यांना आपल्याशिवाय कोण आहे?

तर मंडळाकडं माझी मागणी अशी. ह्या वर्षी एक कथास्पर्धा कमी घ्या आणि कॅसेटी गोळा करा. घराघरांत, कपाटांच्या वर, बिस्किटांच्या डब्यांत त्या आहेत. कॅसेट घेताना कुणी वाजवलं, कुठल्या गावात, कुणाच्या लग्नात, साधारण कुठल्या वर्षी, हे घरच्या माणसांना विचारून लगेच लिहून घ्यायचं. तोच तर पुढच्या माणसाचा धागा. वाजवणारा हयात असेल तर त्याची, नसेल तर घरच्यांची परवानगी घ्यायची. त्यांचं स्वतःचं गाणं असेल तर ते त्यांच्या मालकीचं, आपण फक्त सांभाळणारे. कंपनीच्या छापील कॅसेटी नकोत, त्यांच्यावर साठ वर्षं हक्क असतो आणि त्या सांभाळायला कंपन्या आहेत. संगणकावर उतरवून घ्यायला एक चालू टेप, एक वायर आणि फुकट मिळणारं 'ऑडॅसिटी' एवढं पुरतं. भाषेचा रकाना आपल्या वहीत ठेवायचाच असेल तर तो रुंद ठेवा, तीन नावं मावतील एवढा.

आणि कॅसेट सापडली म्हणून उत्साहात घरच्या टेपात घालू नका. रिळावर पांढरं दिसलं तर मुळीच नको. ती बुरशी हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. कागदात गुंडाळून, कोरड्या डब्यात घालून, आहे तशी घेऊन या. पावसाच्या आधी आणलीत तर बरं.