पायाशी पडलेलं पोतं
या आठवड्यात किराणा दुकानात व्यायामशाळेत जाणारा एक मुलगा, चिकन महागलं म्हणून, प्रोटीन पावडरचा भाव विचारत होता, आणि त्याच्या पायाशीच हुलग्यांचं पोतं उघडं पडलं होतं. मला राहवलं नाही, त्याला किलोभर घ्यायलाच लावले! कोकणातला कुळीथ तो हाच. १०० ग्रॅम कोरड्या हुलग्यांत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, कच्च्या चिकनमध्येही जवळपास तेवढीच. मात्र हिशेब नीट करा मंडळी: दाणा शिजला की त्यात पाणीच जास्त, तेव्हा कुळथाच्या पिठीचे चार भुरके मारून दिवसाची गरज भागत नाही. मोड आणून घट्ट उसळ करा, जुन्नरकडचे शेंगोळे करा, आणि सोबत ज्वारीची भाकरी घ्याच; कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते भाकरी पुरवते, भाकरीत उणं असतं ते कडधान्य. (ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या ताटात वाढणाऱ्या बायांना कुणी आहारतज्ज्ञ म्हटलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.) ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्यात मूठभर शेंगदाणे, दोन अंडी, किनाऱ्याकडे असाल तर सुका जवळा. पावडरचा डबा यादीत सगळ्यात शेवटी. माणदेशातल्या तुटपुंज्या पावसावरही हुलगा तग धरतो, जमिनीला नत्र देऊन जातो. रेशन दुकानात गहू-तांदळाशेजारी तो मिळायलाच हवा.