नावाचा ताबा आणि नावाचा हक्क

भंडाऱ्याची पितळी भांडी, आंधळगावचे टसर किंवा तुमसरच्या बाजारपेठेतला तांदूळ विकणारा व्यापारी जेव्हा आपल्या पेढीचे संकेतस्थळ काढतो, तेव्हा डोमेन नावाची वार्षिक फी भरल्याची पावती हाती पडताच ते नाव कायमचे आपल्या मालकीचे झाले, असा त्याचा दृढ समज होतो. आणि हा समज वेळीच दूर करणे हे जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

डोमेन नाव जो प्रथम मागेल त्यास मिळते, मागणाऱ्याचा त्या नावावर हक्क आहे की नाही याची चौकशी देतेवेळी होत नाही, आणि मुदतीत नूतनीकरण न झाल्यास ते यथावकाश दुसऱ्या कोणासही घेता येते. एखाद्या अक्षराच्या फेरफाराने परक्याचा लौकिक आपल्याकडे कसा वळविता येतो, हे १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या रेडिफ प्रकरणात दिसून आले. ‘रॅडिफ’ या नावाच्या वापरास मनाई करताना न्यायालयाने, डोमेन नाव हा निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतक्याच संरक्षणास ते पात्र आहे, असे सांगितले. पुढे २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, या विषयावर स्वतंत्र कायदा नसला तरी अशा तंट्यात पासिंग ऑफचा दावा चालतो, यावर शिक्कामोर्तब केले.

परंतु पासिंग ऑफच्या दाव्यात आपला लौकिक, ग्राहकांची दिशाभूल आणि त्यातून होणारे नुकसान हे सारे वादीस पुराव्याने शाबीत करावे लागते; लहान पेढीच्या दप्तरात असा पुरावा क्वचितच सापडतो. उलट, नोंदणीकृत चिन्हाच्या धन्यास व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २८ अन्वये अनन्य हक्क मिळतो, आणि त्याच्या उल्लंघनाचा दावा कलम १३४ अन्वये, वादी जेथे राहतो वा धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. पासिंग ऑफच्या दाव्यास ही विशेष सवलत नाही. दिल्ली-बंगळूरच्या प्रतिवादीस भंडाऱ्याच्या न्यायालयात उत्तर द्यावयास लावणे ही मोफसल व्यापाऱ्याच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हे.

म्हणून अशिलास सल्ला देताना प्रथम व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत शोध घ्यावा. गावाचे नाव आणि मालाचे नाव एवढ्यावरच बेतलेले चिन्ह कलम ९ च्या कसोटीस सहसा उतरत नाही, आणि शेवटी ‘डॉट कॉम’ जोडल्याने त्यास वेगळेपण येत नाही. सबब, स्वतंत्र व वैशिष्ट्यपूर्ण नाव निवडण्यास सांगावे. मालाच्या योग्य वर्गात अर्ज करावा. व्यक्ती वा लघुउद्योगास ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे नूतनीकरणास पात्र राहते. डोमेनचे खाते संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कारागिराच्या नव्हे, तर अशिलाच्याच नावावर आहे, याचीही खातरजमा करावी.

तंटा उद्भवल्यावर मनाई हुकुमासाठी धावपळ करण्यापेक्षा तंट्याचे मूळच उखडणे हे वकिलीचे अधिक श्रेष्ठ कर्म होय. आमच्या वाचकांनी भागीदारीचा दस्तऐवज वा दुकानाचा भाडेकरार लिहून देताना, ‘आपल्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली आहे काय?’ हा प्रश्न प्रत्येक अशिलास अगत्याने विचारावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.